तुमच्या छतावरचं मोजमाप

नंदिनी नगर, ६ मे २०२४

गिरजाबाई विहीणबाईंस,

रंभाबाईचा नमस्कार. नको असला तरी घ्या. फोनवर तुम्ही माझा आवाज ऐकत नाही. दोन महिने रोज लावून पाहिला, आता तर घंटीही जात नाही. म्हणून लिहून राहिली. माझी मराठी शाळा सातवीपर्यंतची, तीही लाखांदूरकडची. लग्न होऊन इकडे रायपूरकडे आली अन् सगळं हिंदीच झालं. बोलते तशीच लिहीन. हसू आलं तर हसा, पण वाचा.

काल शकुबाई आल्या होत्या. त्यांची बहीण तुमच्याच गल्लीत राहते. त्या म्हणाल्या, गिरजाबाईनं नेहरू नगरचं घर विकाले काढलं, दोन जण पाहूनही गेले. मले खरं वाटलं नाही. तुमच्या मालकांनी, गार्डसाहेबांनी, जन्मभर रेल्वेच्या क्वार्टरात दिवस काढले, रिटायर झाल्यावर उभं राहून ते घर बांधलं, आणि दोन वर्षंही त्यात राहाले मिळाली नाहीत. ते घर तुम्ही विकाल?

मग शकुबाईनं तुमचं बोलणं सांगितलं. म्हणे, जिथे माझी पोरगी लेकरू घेऊन पाय ठेवत नाही, त्या घरात मी काय भिंती पुसत बसू.

विहीणबाई, तुम्ही समजता की हर्षाले आम्ही तुमच्यापासून तोडलं. शुभमनं बायको-लेकराले उचलून मेघालयात नेलं आणि इकडे त्याच्या आईनं मनातल्या मनात लाडू वाटले. तसं नाही. त्या सिमेंट फॅक्टरीची बदली शुभमनं दोनदा नाकारली होती. तिसऱ्यांदा हर्षानंच हो म्हटलं. तिकडे डोंगर आहेत, घराजवळ मोबाइलचा टॉवर नाही, एवढ्यासाठी.

आणि मले काय मिळालं? फोनच्या लहरी लेकराले नको म्हणून टीनाचं तोंड महिन्यातून एकदा दिसते. फोन भिंतीले टेकवून ठेवतात आणि लेकरू खोलीच्या दुसऱ्या टोकाले. मागच्या वेळी मले तिची पाठच दिसली. फ्रॉक पिवळा होता. कोणी घेतला, माहीत नाही.

नात तुमची गेली तशी माझीही गेली. फरक एवढाच, की तुमच्याजवळ तिचे अकरा महिने आहेत. माझ्याजवळ नुसते रविवार.

घर विकू नका. कावून म्हणते ते आत्ता विचारू नका.

तुमची विहीण, मानाल तर,
रंभा

नंदिनी नगर, २० मे २०२४

विहीणबाई,

तुमचं उत्तर नाही. पत्र पोचलं एवढं मले माहीत आहे, कारण शकुबाईच्या बहिणीनं पोस्टमनले तुमच्या दारात पाहिलं. हो, मी चौकशी केली. मी तशीच आहे. तेच आज लिहाले बसली.

बाळंतपणाले हर्षा माहेरी गेली तेव्हा मी खुशीनं पाठवली. सेक्टर नऊचा दवाखाना तुमच्याकडून जवळ, आमच्या खाणीच्या वस्तीतून बस नाही मिळत वेळेवर. सव्वा महिना झाला की आणू, असं ठरलं होतं. मी आतली खोली चुन्यानं रंगवली, आढ्याले झुल्याचा हूक लावला. सव्वा महिन्याचे तीन महिने झाले. मग हर्षाले तिथल्याच कोचिंग क्लासमध्ये इंग्रजी शिकवाचं काम मिळालं. ती मले फोनवर म्हणाली, आई टीनाले पाहते, तुम्ही रविवारी येत जा ना.

येत जा ना. जशी मी पाहुणी.

तर मी रविवारी येत होती. नऊची बस, मग ऑटो. तुम्ही मले चहा देत होत्या, खाले देत होत्या, कधी वाकडं बोलल्या नाहीत. तुम्ही वाकडं बोलल्या असत्या तर मले सोपं गेलं असतं. मी यायच्या आधी तुम्ही तिले न्हाऊ-माखू घालून ठेवत. मी तेल घेऊन आली की म्हणत, आत्ताच झालं. तिचं कोणतं रडणं भुकेचं, कोणतं झोपेचं, हे तुम्ही मले सांगत. माझ्या पोराची पोरगी, आणि मी तुमच्याकडून शिकत होती.

नोव्हेंबरातला एक रविवार तुम्हाले आठवणार नाही. मले आठवते. टीना माझ्या मांडीवर होती. तुम्ही स्वयंपाकघरातून आल्या, हात कणकेचे. ती तुमच्याकडे झेपावली आणि म्हणाली, माय. पहिला शब्द. हर्षा टाळ्या वाजवत होती. तुम्ही कणकेचे हात वर धरून हसत होत्या, आणि पोरगी माझ्या हातातून वाकून वाकून तुमच्याकडे जात होती. मीही हसली. मग लंगोट वाळू घालते म्हणून छतावर गेली आणि तिथं रडली.

तिथंच टॉवर दिसला. तुमच्या शेजाऱ्याच्या छतावरचा. आधीही पाहिला असेल, पण त्या दिवशी नीट दिसला.

आमच्या भजन मंडळाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. टॉवरजवळ चिमण्या मरतात, लेकरांच्या डोक्यात गाठी होतात, असलं काही. मी तो दोन महिन्यांपासून पाहून सोडून दिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षाले पाठवला. खाली लिहिलं, बेटा, सहज पाठवला, घाबरू नको.

मी खरं मानलं होतं का, असं विचाराल तर अर्धं. पण बोलत गेली तसतसं जास्त मानाले लागली. टीना झोपली नाही, टॉवर. दूध ओकलं, टॉवर. केस पातळ आहेत, टॉवर. तुम्ही हसून म्हणाल्या होत्या, आमच्या साहेबांनी वॉकीटॉकी कानाले लावून नोकरी काढली, त्यांना काही झालं नाही. त्यावर मी हर्षाले एकटीले गाठून म्हटलं, साहेब गेले कशानं ते डॉक्टरनं तरी कुठे नीट सांगितलं.

ते हार्टनं गेले. मले माहीत होतं. हर्षाचा चेहरा पांढरा पडला होता तेव्हा. ती पोरगी बापावर जीव टाकत होती, तेही मले माहीत होतं.

अजून आहे. आज लिहवत नाही.

रंभा

नंदिनी नगर, ११ जून २०२४

विहीणबाई,

शकुबाई आज सकाळी सांगून गेल्या, की येत्या सोमवारी तुमच्या घराची लिखापढी आहे. म्हणजे माझ्याजवळ वेळ नाही.

या पत्रासोबत एक कागद घातला आहे. आधी तो पाहा, मग पुढचं वाचा.

जानेवारीत मी हर्षाले म्हटलं होतं, आपण सरकारकडून मोजून घेऊ. टॉवरच्या लहरी मोजाले माणूस येतो, असं मले कोणीतरी सांगितलं होतं. ती म्हणाली, बरं होईल आई, एकदाची शंका तरी मिटेल. मी सिविक सेंटरजवळच्या चॉईस सेंटरवर गेली आणि ऑनलाइन अर्ज भरला. नाव शुभमच्या बाबांचं, फोन नंबर आमचा, जागा तुमच्या घराची. मले वाटलं होतं, मशीन माझ्याच बाजूनं बोलेल.

ज्या दिवशी तो माणूस आला, तुम्ही राजनांदगावले तेरवीले गेल्या होत्या. हर्षा क्लासवर होती. टीनाले पाहाले मले बोलावलं होतं, घरात मी आणि ती. पोरसवदाच साहेब होता, रायपूरचा. एका दांडीवर गोळा लावलेलं मशीन होतं त्याच्याजवळ. त्यानं छतावर मोजलं, तुमच्या खिडकीत मोजलं, टीना झोपत होती त्या पलंगाजवळ मोजलं. प्रत्येक जागी सहा-सहा मिनिटं थांबला. मी टीनाले कडेवर घेऊन त्याच्या मागे मागे फिरत होती.

मग त्यानं मले समजावून सांगितलं. लहरी किती चालतील याची एक हद्द ठरवलेली असते. बाहेरच्या देशांत मानतात तिचा दहावा हिस्साच आपल्या सरकारनं ठेवली आहे, आणि तुमच्या छतावर त्या हद्दीच्या शंभरातला एक भागही भरला नाही. मी म्हटलं, पण टॉवर तर एवढा जवळ आहे. तो म्हणाला, "माताजी, टॉवर टॉर्च जैसा है, सामने फेंकता है, नीचे नहीं. बच्ची को यहाँ कोई डर नहीं."

मी विचारलं, आणि आमच्या घरी, नंदिनीले? तिथं टॉवर दूर आहे, सिग्नल मिळाले फाटकाजवळ जाऊन उभं राहा लागते. तो हसला. म्हणाला, जिथं सिग्नल कमी तिथं फोनच जोर जास्त लावतो. म्हणजे तुमच्या गावी बोलताना फोन कानापासून जरा दूर ठेवा, स्पीकरवर बोला, बस. त्याचीही हद्द आहे आणि फोन त्या हद्दीतच विकतात.

असं सगळं माझ्याविरुद्ध निघालं. माझ्या कडेवर पोरगी, हातात कागद. त्यानं आकडे भरून, सही करून तो मले दिला आणि गेला. पक्का रिपोर्ट नंतर आमच्या फोनवर आला, तो मी पुसून टाकला. हा पहिला कागद मात्र फाडवला नाही. कावून, ते मलेही समजत नाही.

संध्याकाळी तुम्ही आणि हर्षा एकाच वेळी घरी आल्या. हर्षानं चपलाही काढल्या नाहीत, विचारलं, "आई, काय म्हणाले?"

मी म्हटलं, "कागद नंतर येईल. पण तो साहेब मान हलवत होता. म्हणाला, लहान लेकरू इथून दूर ठेवलं तर बरं."

विहीणबाई, तो असं म्हणाला नाही. हे मी रचलं. आधी ठरवलंही नव्हतं. टीना तुम्हाले पाहून माझ्या कडेवरून खाली वाकत होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

तुम्ही म्हणाल्या, कागद पाहिल्याशिवाय मी मानणार नाही, मशीनचं बोलणं मशीनच्या कागदावर असते. तेव्हा हर्षा तुम्हाले जे बोलली, ते तुम्ही विसरल्या नाहीत, हे मी जाणते. "आई, तुले बाबांचं घर प्यारं आहे. टीना नाही." तुम्ही आत जाऊन पोरीचे कपडे घडी करू लागल्या.

तो कागद तेव्हा माझ्या पिशवीत होता. पिशवी माझ्या मांडीवर होती. हात घालून काढला असता तर तुमच्या मायलेकीचं तिथल्या तिथं मिटलं असतं. मी हात घातला नाही. मी बसल्या बसल्या विचार करत होती, की आतल्या खोलीले पडदा कोणता लावू.

मले वाटलं होतं ती माझ्याकडे येईल. ती फेब्रुवारीत डोंगरात निघून गेली.

तुमच्या घरात काही खोट नाही. खोट माझ्यात होती. मी तुमच्यावर जळत होती, दुसरं कारण नाही. कागद सरकारी आहे, सही आहे, तारीख आहे. हर्षाले दाखवा. विकू नका.

माफी मागत नाही. मागाले तोंड लागते.

रंभा

नंदिनी नगर, ८ जुलै २०२४

विहीणबाई,

तुमचं कार्ड मिळालं. दोन ओळींचं. ‘कागद मिळाला. घर विकत नाही. तुम्ही आता पत्र पाठवू नये.’ मी ते शुभमच्या बाबांना दाखवलं. म्हणून पहिल्यांदा त्यांना सगळं सांगा लागलं.

तुम्हाले माहीत आहे, ते खाणीत ब्लास्टिंगवर होते. अठ्ठावीस वर्षं लाल झेंडी धरून माणसं मागे सारली. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं. मग म्हणाले, "हद्द सांगणारानं खरं सांगावं लागते, रंभा. लोक त्याच्या भरवशावर उभे राहतात. तू खोटी हद्द सांगून माणूस हाकलला."

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, हर्षाले तू स्वतः सांग, गिरजाबाईच्या तोंडून कळू देऊ नको.

मी फाटकाजवळ उभी राहून फोन लावला. हर्षानं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा टीनाचा आवाज आला, काहीतरी मागत होती. मी सांगून थांबली तशी हर्षा म्हणाली, "बाबांचंही तुम्ही मुद्दाम बोलल्या होत्या?"

मी हो म्हटलं.

ती म्हणाली, "मी माझ्या आईले काय काय बोलली, आई." ती मलेही आईच म्हणते, तुम्हालेही. त्या क्षणी मले कळलं नाही की ती कोणाले हाक मारून राहिली. मग फोन बंद झाला. त्यानंतर तिनं मले फोन केला नाही. शुभम करतो, बाबांशी बोलतो, माझं विचारतो आणि ठेवून देतो.

शुभमकडून कळलं, की त्याच दिवशी हर्षा तुमच्याशी बोलली, टीना समोर बसून, फोन हातात घेऊन, पाऊण तास. ते चांगलं झालं. लिहाले जड जाते, पण चांगलं झालं.

तुम्ही पत्र पाठवू नये म्हटलं तरी हे एक पाठवते, कारण तुमच्या कार्डाचं उत्तर द्यावं लागते. यानंतर गप्प राहीन.

रंभा

नंदिनी नगर, १८ नोव्हेंबर २०२४

विहीणबाई,

गप्प राहीन म्हटलं होतं. चार महिने राहिली. हे न सांगता राहवलं नाही, म्हणून लिहिते. वाचून फाडा.

शनिवारी आम्ही सिविक सेंटरले आलो होतो. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात बँकेत जाऊन जिवंत असल्याचा अंगठा द्यावा लागते. बँकेतून निघालो आणि समोर तुम्ही. हर्षा ऑटोवाल्याशी बोलून राहिली होती. तुमच्या बोटाले टीना. ते लोक दिवाळीपासून तुमच्याकडे आले आहेत, हे शुभमनं सांगितलं होतं. नंदिनीले येण्याचं तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.

पायानं चालून राहिली होती ती. मी तिले चालताना कधी पाहिलं नव्हतं. गेली तेव्हा धरून धरून उभी राहत होती.

तुम्ही चाटच्या ठेल्यावर तिले वाटाण्याचा एक एक दाणा फुंकून देत होत्या. ती तोंड उघडून थांबत होती. मग तिनं एक दाणा उचलून तुमच्या तोंडात घातला.

शुभमचे बाबा म्हणाले, "जा ना, हाक मार. हाकलून थोडीच देतील."

मी गेली नाही. ऑटो उभे राहतात तिथल्या खांबाआड राहिली. तुम्हाले वाटेल, पश्चात्तापानं सुधारली असेल. खोटं कावून बोलू, विहीणबाई, मी तिथं उभी राहून जळत होती. तुमच्या तोंडात गेलेल्या त्या वाटाण्यासाठी जळत होती. या वयात, भर रस्त्यात, पिशवीत बँकेचे कागद घेऊन. पहिल्याइतकीच जळत होती. कमी नाही झालं काही.

फक्त या वेळी मी काही केलं नाही. हाक मारली असती तर हर्षाचा चेहरा बदलला असता, तुम्ही पदर सावरला असता, आणि पोरीचं खाणं थांबलं असतं. म्हणून उभी राहिली, पाहत राहिली. तुम्ही तिघी ऑटोत बसून गेल्या तेव्हा शुभमच्या बाबांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

एवढंच सांगाचं होतं की ती चांगली दिसते. अंगानं भरली आहे, केसही दाट झाले.

आणि तिनं सँडल उलट घातले होते. डाव्याचं उजव्यात. म्हणून चालताना पाय आत वळून राहिले होते तिचे. गर्दीत तुमचं लक्ष गेलं नसेल. मले दुरून दिसलं, जावं आणि बसून नीट घालून द्यावं असं फार वाटलं. पण ते तुम्ही पाहून घ्या.

रंभा